इंदूची साक्ष

"अहो, पुन्हा तोच शर्ट?" साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या पडद्यावरून इंदू म्हणाली.

"साक्षीदारानं विचारलेलं तेवढंच सांगावं," न्यायाधीश म्हणाले.

मागच्या बाकावर बसलेले तिचे पती दिगंबर खरात किंचित हसले. गाडीखाली सापडून इंदू गेली त्याला सहा वर्षं झाली होती. मेलेल्याची स्मृती कोर्ट साक्षीसाठी जपून ठेवी, तारखेला जागी करी आणि निकाल वाचून झाला की पुसून टाकी. म्हणून इंदूची शपथ झाली की दिगंबर सरकारी वकिलांना पुढची तारीख मागायला लावत.

आज आरोपी ड्रायव्हरची आई त्यांच्याशेजारी येऊन बसली. "दादा, पोरगं सहा वर्षं आत आहे. जामीन राहायला कुणी नाही. काय व्हायचं ते एकदा होऊ द्या."

वकील वळले. "खरातकाका, तारीख मागू ना?"

"नको. आज विचारा तिला."

इंदूनं सरळ सांगितलं. गाडी हळू होती. तीच सिग्नल न बघता धावली होती.

न्यायाधीशांनी तिथंच निकाल लिहिला आणि कागद हातात घेतला. दिगंबर उठून उभे राहिले.

"साहेब, जरा सावकाश वाचा."