कडेची अक्षरं

"चपला बाहेर काढू का?" मी विचारलं.

"राष्ट्रीय ग्रंथालय आहे मावशी, देऊळ नव्हे," ग्रंथपाल हसले. माझ्या भावाने दान केलेली आईची शिळाप्रेसवर छापलेली जुनी पोथी त्यांनी समोर ठेवली. आज आईची तिथी. तिच्याच पोथीतला अध्याय वाचायचा नेम करून आले होते.

नमस्कार करून पोथी उघडली आणि हात थांबला. रोज वाचन झालं की आई पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहायची: 'धाकटीला ताप', 'आज रडले'. त्या कडाच नव्हत्या.

"नव्या बांधणीत छाटल्या. मजकूर शाबूत आहे. कडेला कुणीतरी गिरगटून ठेवलं होतं."

"कुणीतरी? माझी आई होती ती!" वाचनकक्षातल्या सगळ्या माना वळल्या.

"हळू, मावशी. इथे शांतता पाळतात."

"तिने जन्मभर पाळली. बोलायला तेवढीच जागा होती तिला!"

त्यांनी घाईघाईने अभिप्रायाची वही पुढे केली. "तक्रार यात लिहा."

अख्खं पान मोकळं सोडून मी अगदी कडेला लिहिलं: 'आज आईची तिथी. अध्याय वाचला नाही. नेम मोडला.' वही त्यांच्याकडे सरकवली.

"छाटा आता."