सगळ्यांची प्रत

पक्षाघातात पुसलेल्या आठवणी साठवलेल्या प्रतीतून परत भरून दिगंबरला घरी आणलं, आणि डोळे उघडताच तो बायकोला म्हणाला, "वहिनी, आज केस वाळवायला गॅलरीत नाही आलात? पडद्याआड किती वेळ उभा होतो मी!"

हेमांगीच्या अंगावर शहारा आला. गॅलरीसमोरची खिडकी सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक यांची. कालच ते मोसंबी घेऊन आले होते आणि "वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा," म्हणून गेले होते.

तिने स्मृतिकेंद्राच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. रोज प्रत्येकाच्या मेंदूची प्रत काढून ठेवणं हे त्याच्या केंद्राचं काम.

"तुमच्या इमारतीला एकच राऊटर आहे," तो चाचरत म्हणाला. "बाहेरून आम्हाला तेवढाच दिसतो, आतली माणसं दिसत नाहीत. प्रतीसाठीची आमची मागणी आत कुणाकडे वळवायची, ते राऊटरमध्ये भरावं लागतं. कुणी भरलं ते?"

"कर्णिकांनी. मीटिंगमध्ये मोठ्या हौसेने अंगावर घेतलं होतं."

"त्यांनी सगळ्यांच्या नावापुढे स्वतःच्याच मेंदूचा नंबर टाकलाय. त्यामुळे दरवेळी त्यांच्याच मेंदूची प्रत आली."

पलंगावरून नवरा हेमांगीकडे वखवखलेल्या नजरेने बघत होता.

"आणि माझी प्रत?"

इंजिनिअरने मान खाली घातली. "तीही त्यांचीच."

तिने ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटली.

"आत्ताच्या आत्ता पुसून टाका ती. मी मेले तर मेलेलीच राहू दे. त्या मेल्याच्या डोळ्यांनी मला आरशात बघायचं नाही."