तिसावा प्रश्न

प्रश्न ११. क्ष² − ५क्ष + ६ = ०

हा सुटला. ओडिलिया फुर्टाडोने बटण दाबलं आणि पडद्याकडे रोखून पाहिलं. पडदा बरोबर म्हणेना, चूक म्हणेना. मख्खासारखा पुढचा प्रश्न सरकवत राहिला.

ग्रंथालयात नववीत येणारी मुलं ओळीने संगणकांसमोर बसली होती. यारब्रो बाईंनी सूचनांचा कागद एका सुरात वाचून दाखवला होता. प्रश्न तीस. बोलायचं नाही. मागे जाता येणार नाही. यावरून गणिताचा वर्ग ठरेल. कागदावर होतं तेवढंच त्या बोलल्या, एक अक्षर जास्त नाही.

वरचा वर्ग मिळाला तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस. खालचा मिळाला तर काय, ते आत्याच्या नेलियाने सांगितलं होतं. "एकदा खाली पडलीस की शिडी काढून घेतात. मला विचार." नेलिया पूल बांधणार होती. आता ती बदामाच्या कारखान्यात पट्ट्यावरून येणारे खडे वेचते. पुढचं गणित तिने मग हट्टाने एकटीने शिकून घेतलं आणि या उन्हाळ्यात, ओडिलियाची गोठ्यातली दुपारची पाळी संपली की, ते सगळं तिच्या डोक्यात उतरवलं.

प्रश्न १५. दोन पंप मिळून टाकी सहा तासांत भरतात. एकट्याने भरायला एकाला दुसऱ्यापेक्षा पाच तास जास्त लागतात. तर

अर्धा कागद भरला. दहा तास आले. पर्यायांत दहा होते. तिने बटण दाबलं.

प्रश्न १६ त्याहून वाईट. लॉग. तोही कसाबसा सुटला.

प्रश्न १७. आता एक वाकडी रेघ, तिच्या पोटात रंगवलेला तुकडा, आणि असं एक चिन्ह, जे नेलियाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर होतं. तिथवर त्या पोचल्याच नव्हत्या.

पेन्सिल कागदावर नुसतीच टेकून राहिली.

शेजारच्या खुर्चीवरून कोल्टन कुजबुजला, "ए फुर्टाडो, मला आता मस्त सोपे यायला लागलेत. जमतंय बुवा!"

"गप रे."

"आधी नुसती वाट लागली होती. आता बघ, गाडी रुळावर."

"कोल्टन!" यारब्रो बाई ओरडल्या. मग चालत आल्या आणि ओडिलियाच्या मागे थांबल्या. पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "हं," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्या "हं"ने ती खचली.

कोल्टनला सोपे. कोल्टनला, ज्याला आठवीत अपूर्णांकांचा भागाकार सांगताना तिचा घसा बसला होता! आणि तिला हे. एक सोडवावा, तर पुढचा दुप्पट अंगावर येतो. म्हणजे पहिल्यापासूनच काहीतरी चुकतंय. बाबा गोठ्यात तेच सांगायचे: गाय लाथा झाडायला लागली की समजायचं, आपला हात चुकतोय. जोर लावू नकोस, हात काढून घे.

तिने हात काढून घेतला.

प्रश्न १७: क.
प्रश्न १८: क.
क.
क.
वाचायचंसुद्धा नाही. क.
(नेलियाचा उन्हाळा.) क.
(नेलियाची पुस्तकं.) क.
क.
क. क.
मसण्या. क.
क.
क.

प्रश्न ३०.

हा मात्र तिने वाचला. शेवटचाच, म्हणून वाचला. याचं उत्तर तिला येत होतं. पाहताक्षणी येत होतं. तिने नीट बघून बटण दाबलं आणि तिला हायसं वाटलं. निदान एक तरी बरोबर.

"फुर्टाडो, थांब जरा."

मुलं बाहेर पडत होती. यारब्रो बाईंच्या टेबलावर छापून आलेला कागद होता. मूलभूत अल्जिब्रा. सगळ्यात खालचा वर्ग.

"मध्येच बरं वाटेनासं झालं का तुला?" बाईंचा आवाज चिडका होता. "मी मागे उभी होते तेव्हा तू किती वर पोचली होतीस! इतकी वर्षं मी या खोलीत उभी राहतेय, तो रेघेचा प्रश्न मी कुणाच्या पडद्यावर पाहिला नव्हता. आणि नंतर हे काय करून ठेवलंस?"

"पण बाई, माझं तर सगळं चुकत होतं."

"कोण म्हणालं?"

"तेच की. प्रत्येक वेळी आणखी अवघड देत होतं."

बाईंनी चष्मा काढला.

"अगं पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "बरोबर आलं की ते अवघड देतं. चुकलं की सोपं."

"मग सांगितलं का नाहीत?"

बाईंनी सूचनांचा कागद उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला. "यात नाहीये."

"परत देता येईल?"

"पुढच्या ऑगस्टमध्ये."

दारातून कोल्टनने डोकं आत घातलं. त्याच्या हातातही तोच वर्ग लिहिलेला कागद होता, आणि तो खुशीत होता. "चल ना फुर्टाडो, एकाच वर्गात आलोय आपण! शेवटी शेवटी काय सोपं होतं, नाही?"

ओडिलियाच्या डोळ्यांसमोर तो शेवटचा पडदा होता, ज्याच्याकडे पाहून ती अख्ख्या परीक्षेत एकदाच हसली होती.

प्रश्न ३०. अर्धा डझन म्हणजे किती अंडी?