गाडीभर डांबर

ठेकेदाराने टेप गुंडाळला आणि दर सांगितला. थोरल्याने तो दोनदा ऐकून घेतला.

"माझ्या साडूने गेल्या वर्षी दारापर्यंत डांबर टाकून घेतलं. निम्म्यात झालं त्याचं."

"कुठे राहतात?"

थोरल्याने गाव सांगितलं.

"मग बरोबर आहे. डांबराचा प्लांट त्यांच्या उशाशी, खडीची खाण पायथ्याशी. तुमच्याकडे यायचं म्हणजे साठ किलोमीटर. माल गरम आहे तोवर पसरावा लागतो. गाडीत थोडाच आणला तर वाटेत गार होतो, मग रोलर फिरवा नाहीतर डोकं आपटा. आणि रोलरची ने-आण पन्नास फुटांना तेवढीच, पाचशे फुटांना तेवढीच."

थोरल्याने अंगणातल्या खडीकडे पाहिलं. गेल्या महिन्यात बायको याच सुट्या खडीवरून घसरली होती. तिचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. काम करायचंच होतं.

"एक उपाय आहे," ठेकेदार कुंपणापलीकडे बघत म्हणाला. "शेजारचं अंगण तुमच्याएवढंच दिसतंय. त्यांनीही घेतलं तर गाडी भरते. दोघांचाही दर उतरेल. बघा विचारून."

शेजारी धाकटा भाऊ राहत होता, हे त्याला कोण सांगणार? दोघांत अकरा वर्षं अबोला होता. मोजणीच्या वेळी कुंपण वीतभर इकडे की तिकडे, एवढ्यावरून शब्दाने शब्द वाढला होता. तरी पहिली काही वर्षं धाकटा ओसरीवर दिसला की मान खाली घालायचा. गेली दोन वर्षं तो सरळ बघायचा, जणू समोर माणूसच नाही. माज चढलाय, असं थोरला बायकोला म्हणायचा.

"थांबा जरा," तो ठेकेदाराला म्हणाला. "आलोच."

दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. तिने पदराला हात पुसले आणि बाजूला झाली. "या, दादा," एवढंच म्हणाली.

"डांबराचं विचारायला आलोय. बाकी काही नाही."

धाकटा खिडकीपाशी बसला होता. ओल्या केसांचा भांग कुणीतरी काढून दिल्यासारखा नीट होता. थोरल्याला बघताच तो उठला.

"या ना, बसा. तुम्ही डांबरवाले का?"

थोरल्याच्या कपाळावरची शीर उडाली. अकरा वर्षांनी पायरी चढलो आणि हा टोमणे मारतो.

"सरळ बोलायचं असेल तर बोल," तो म्हणाला.

धाकटा गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि थोरल्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. अगदी हळू, पण कळेल इतकी.

थोरला खुर्चीच्या कडेवर टेकला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आधी नावं डोक्यातून जायची, आता माणसं जातात. मुलीलाही 'बाई, तुम्ही कोण?' म्हणून विचारतात."

"मला सांगायचं नाही?"

"दोनदा फाटकापर्यंत आले होते." ती खाली बघत बोलत होती. "तुम्ही मला पाहिलंत आणि आत गेलात."

धाकटा आपला पाहुण्याकडे बघून हसत होता. घरात आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलावेत, एवढी रीत अजून शाबूत होती.

"काम चांगलं करता ना? पाणी साचायला नको. उतार बाहेर काढा."

"काढू," थोरला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "शेजारचं आणि तुमचं एकदम केलं तर स्वस्त पडेल. चालेल ना?"

"मला चालेल हो. पण असलं सगळं आमचा दादा बघतो. त्याला विचारल्याशिवाय मी काही ठरवत नाही." तो पुढे झुकला, गुपित सांगावं तसा. "जरा तापट आहे. पण मनात काही ठेवत नाही."

"कधी भांडण झालंय तुमचं?"

धाकट्याने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या आणि मग विरल्या.

"छे. दादाशी कशाला भांडेन मी?"

धाकट्याची बायको चहा टाकते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत राहिला. थोरला उठला. धाकटाही उठून दारापर्यंत सोबत आला.

"उंबरा उंच आहे, जपून," तो म्हणाला आणि त्याने थोरल्याचा कोपर धरला. धाकट्याचा हात ऊबदार होता. थोरला पायरी उतरला.

ठेकेदार फाटकाशी वाट बघत होता.

"काय म्हणाले शेजारी?"

"दादाला विचारून सांगतो म्हणाला."

"म्हणजे लांबलं आता."

"नाही. दोन्हीकडचं करा. पैसे सगळे माझ्याकडून घ्या. सुरुवात त्याच्या पायरीपासून करा आणि उतार बाहेर काढा. आणि हे मधलं कुंपणही उपटून टाका."

ठेकेदाराने पेन्सिल कानामागून काढली, पण लिहिलं काहीच नाही.

"तसं नाही जमायचं, साहेब. उद्या त्यांचे दादा आले आणि विचारलं, कुणाला विचारून हात लावलात, तर मी काय सांगू? एकदा त्यांच्या कानावर घातलेलं बरं. कुठे असतात ते?"

थोरल्याने कुंपणावर हात ठेवला. पलीकडे धाकटा अजून दारातच उभा होता आणि पाहुण्याला निरोप द्यावा तसा हात हलवत होता.

"इथेच होतो," थोरला म्हणाला.