बारावी फुली

"आजही फुलीच आहे हो," म्हणत राणीच्या आईनं कागदाचा चिटोरा मदत केंद्राच्या ताईच्या हातात दिला.

वर ताईच्याच अक्षरात प्रश्न होता, 'आज बाहेर येणार का?' खाली पेन्सिलीची फुली. बारा गुरुवार, बारा फुल्या.

"असू दे," ताई म्हणाली. मुलांच्या मदत केंद्रातल्या मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "बारा भेटी झाल्या. पोरगी आज बाहेर आली नाही तर फाईल बंद. इथे चाळीस मुलं रांगेत आहेत आणि तू एका पडद्यासमोर प्रवचन देत बसतेस!"

बाईंचं काही चूक नव्हतं. ताई खरंच पडद्याशी बोलायची. पॅसेजच्या टोकाला राणीची खोली होती आणि तिच्या दारावर वरपासून खालपर्यंत जाड निळा पडदा. फटीतून उजेड आला की पोरगी बिथरते, म्हणून तो लावलाय, असं आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दाराखाली चार बोटं जागा मोकळी होती. तिथूनच चिटोरे आत जायचे आणि बाहेर यायचे. बाहेर आलेला चिटोरा आई चटकन उचलायची, आधी स्वतः वाचायची, मग ताईला द्यायची. आईचा जीव, दुसरं काय!

चौदा वर्षांची मुलगी दीड वर्ष त्या खोलीत होती. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, तोंडातून शब्द नाही. आतच न्हाणीघर होतं, त्यामुळे कशासाठी अडत नव्हतं. "लेकरासाठी मी नोकरीवर पाणी सोडलं," आई सांगायची. "दोन वेळचं ताट मीच आत सरकवते. शेजारीपाजारी वाट्टेल ते बोलतात. बोलोत बापडे!" ताईला त्या बाईचं फार वाईट वाटायचं. गुरुवारी बेल वाजवली की दार उघडायला तिला वेळ लागायचा, आत काहीतरी लोखंडी खणखणायचं. "आवरत होते हो," म्हणत ती घामेजलेल्या चेहऱ्यानं हसायची.

ताईच्या जागी दुसरी कोणी असती तर चौथ्याच आठवड्यात म्हणाली असती, जरा ढकलून तर बघू. ताई नाही म्हणाली. दहा वर्षांपूर्वी अशाच एका बंद दाराला तिनं खांदा लावला होता. आतल्या मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. दार उघडताच चिमणी तिच्या बगलेखालून निसटली, जिना उतरली आणि रस्त्यावरच्या गर्दीत गेली ती गेलीच. आजही रस्त्यात पाठमोऱ्या दोन वेण्या दिसल्या की ताई पुढे धावते आणि तोंड बघून परत येते. आता ती पोर चोवीस वर्षांची झाली असेल, हे तिला कळतं, पण पाय ऐकत नाहीत.

त्यानंतर केंद्राचा नियम ताईनंच लिहिला, मूल स्वतः उघडेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ताई तर ताकाकडे बघतही नव्हती.

दर गुरुवारी ती आणखी एक प्रश्न आत सरकवायची, 'मी परत येऊ का?' त्याखाली मात्र न चुकता बरोबरची खूण यायची, कागद फाटेल इतकी दाबून काढलेली. त्या खुणेवर ताई आठवडा काढायची. आज तो प्रश्न तिनं लिहिलाच नाही. कुठल्या तोंडानं लिहिणार?

तेवढ्यात खालून, जिन्यातून सिलिंडरवाल्याची आरोळी आली. "लिफ्ट बंद आहे! सही करायला खाली या!"

आई जागची हलेना. "नंतर आण," ती तिथूनच ओरडली.

"मग बसा आठवडाभर वाट बघत!"

"जा तुम्ही," ताई म्हणाली. "मी आहे ना इथे."

"तुम्हीही चला ना खाली. मला एकटीला..."

"अहो, सही तर करायचीय!"

आई बाहेरच्या दारापर्यंत जाऊन परत आली, पडद्याची कड वरपर्यंत हात फिरवून सारखी केली. "हात लावू नका हं याला. घाबरून काहीतरी करून घेईल ती."

"आमचा नियमच आहे तो."

चपलांचा आवाज जिन्यात उतरत गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ताई आणि पडदा दोघंच उरले. ताई फरशीवर बसली. पलीकडे, हातभर अंतरावर, कुणीतरी दाराला चिकटून श्वास घेत होतं.

"राणी," ती हळूच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी येणार नाही गं. रागावून नाही. बारा वेळा विचारलं, बारा वेळा तू फुली मारलीस. मुलीची इच्छा नाही, असं लिहून मला फाईल बंद करावी लागेल." ती थोडी पुढे सरकली. "जाता जाता एवढंच सांग, माझं कुठे चुकलं? फुली नको, खूण नको. लिहून सांग."

तिनं कोरा कागद आत सरकवला. मग पेन्सिल चालू लागली, भराभर. खाली आईचा आवाज चढला, सिलिंडर पायरीवर दणकला आणि चपला वर धावत येऊ लागल्या.

कागद बाहेर आला. आज पहिल्यांदाच तो ताईनं स्वतः उचलला.

'कडी तुमच्या बाजूनं लावलीय, ताई.'