उजवा हात

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून धुमाळबाई मोबाईलवर अपूर्णांकांच्या तासाचा व्हिडिओ एडिट करत होत्या. कापलेला तुकडा परत जोडायचा, जोडलेला पुन्हा कापायचा. संध्याकाळपर्यंत तो स्पर्धेला पाठवायचा होता आणि बाईंचं मन काही भरत नव्हतं. तसा वर्ग पडद्यावर भलताच हुशार दिसत होता. मुलांना त्यांनी शिकवूनच ठेवलं होतं: तपासणी असो की शूटिंग, हात सगळ्यांनी वर करायचा, उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा.

शेवटच्या प्रश्नाशी मात्र त्या थबकल्या. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. दर वेळी डावाच हात उचलणाऱ्या, खिडकीजवळच्या दुर्वाचा उजवा हात वर होता, अगदी ताठ. बाईंनी तिकडे पाहिलंही नव्हतं; नेहमीप्रमाणे श्रेयसला उठवलं होतं.

घंटा झाली तसा त्यांनी मोबाईल पुन्हा स्टँडवर चढवला. तोच प्रश्न विचारला आणि या वेळी थेट दुर्वाकडे पाहिलं. तिचा डावा हात वर होता.

“अगं, मघाशी तुझा उजवा होता ना?”

दुर्वा बाकाकडे बघत म्हणाली, “चुकून वर गेला असेल, बाई.”