तिसरी फेरी

काउंटरवरच्या मुलीने हसून विचारले, "आईंना घेऊन निघालात, साहेब?"

"बायको आहे मी त्यांची," कालिंदी म्हणाली.

ताऱ्यापर्यंतच्या एका फेरीत विश्रामचा महिना जाई आणि पृथ्वीवर दहा वर्षे सरत. तीन फेऱ्या झाल्या की सोनेरी कार्ड मिळते, मग बायकोला शेजारची जागा फुकट, असे त्याने सांगितले होते. ती तीस वर्षे थांबली. तिचे केस पांढरे झाले, त्याचे काळेच राहिले.

मुलीने पडद्यावर पाहिले. "पण काकू, कार्ड दोनच फेऱ्यांत मिळतं. साहेबांना ते तिसऱ्या फेरीआधीच मिळालंय."

विश्राम बॅगेचा घट्टच असलेला पट्टा पुन्हा आवळू लागला.

"तिसऱ्या फेरीत शेजारच्या जागेवर कोण होतं, तेवढं बघ गं," कालिंदी म्हणाली.